शिंगावरची बोटभर जागा

दादा गेल्याचा निरोप बीडच्या मोटारीनं आला. फाट्यावर चहाची टपरी चालवणारा बाबू कंडक्टरचं बोलणं ऐकून तसाच तडक आमच्याकडे आला आणि अंगणात येऊन उभा राहिला. मी मूग पाखडत होते. "आक्का, सूप खाली ठेवा," एवढंच तो म्हणाला आणि मला कळलं. दादाचं वय झालं होतं, डोळे गेले होते, वर्षभर अंथरुणाला खिळून होता. आज ना उद्या हे ऐकावं लागणार हे मलाही ठाऊक होतं. तरी सूप काही केल्या हातातून सुटेना... शेवटी बाबूनंच ते काढून घेतलं. मी बीडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादाच्या खोलीत त्याची काठी तेवढी कोपऱ्यात उभी होती.

आता महिना उलटून गेला. पाव्हणेरावळे पांगले. नातू म्हणाला, "आजी, मामाआजोबांवर पेपरच्या पुरवणीत लिही की." मी म्हटलं, अरे, जनावरांच्या डॉक्टरावर कोण वाचणार? पण मग वाटलं, मला अक्षर गिरवायला बसवलं ते दादानंच. तेलगावच्या आमच्या घरात पोरीला पाटी देणं म्हणजे नसतं खूळ समजत. त्यानं ते खूळ केलं, तर त्याचा थोडा उपयोग त्याच्यासाठी करायला काय हरकत आहे?

माझा दादा किसनराव निजामाच्या राजवटीत सरकारी सलोत्री होता. सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. आता हा शब्द कुणी वापरत नाही, पण तेव्हा चौसाळ्यापासून पाटोद्यापर्यंत 'सलोत्री' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दादाच उभा राही. उंच, वाळका, डोक्याला रुमाल, अंगाला सदा फिनेलचा वास, आणि बसायला एक पांढरी घोडी. ती त्याच्याहून जास्त शहाणी होती, असं आमची आई म्हणायची. शिक्षण सगळं उर्दूत. चुलत्यानं बीडला शाळेत घातलं, तिथून हैदराबादेला जाऊन तो हे काम शिकून आला. कुणाच्या घरी गेला की आधी गोठ्यात जायचा, मग ओसरीवर. माणसांची विचारपूस सगळ्यात शेवटी.

माझं लग्नही त्यानं असंच जमवलं. चौसाळ्याजवळच्या या गावात तो मुलगा बघायला म्हणून आला आणि परत जाऊन आईला सांगू लागला, "बैल निरोगी हायेत, वासरं अंगानं भरलीत, गोठा कोरडा ठणठणीत हाय."

आई वैतागली. "आरं, तू नवरा बघाया गेलतास का बैल?"

"ज्या घरात जनावराला इतकं जपत्यात तितली माणसं वाईट कावून आसतील?"

"आन् मुलगा?"

"मुलगा... मुलगा बी हाय की," दादा म्हणाला.

तर अशी मी, गया, या घरात आले. गोठ्यावरून घर पारखायची त्याची रीत हसण्यावारी नेली तरी चुकीची निघाली नाही, हे आता सांगायला हरकत नाही. माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणे. गावातले जमीनदार, आवाज मोठा, राग नाकावर. पण बैलाच्या अंगावर त्यांनी कधी चाबूक उगारला नाही. दादाचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. दोघं ओट्यावर बसून बैलांच्या गोष्टी करत, आणि मी आतून ओरडून ओरडून थके तेव्हा कुठे जेवायला उठत.

दादाचं काम काय होतं ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. आमचा मुलूख मोगलाईचा, म्हणजे निजामाच्या राज्यातला. पाटोद्याच्या पलीकडे जामखेडच्या बाजूला गेलं की इंग्रजी हद्द लागे. सोयरिकी दोन्हीकडच्या, बाजार दोन्हीकडचे, बैलांची ये-जा बारा महिने. आणि बैलांबरोबर बुळकांडीही ये-जा करी. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. जनावराच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागे, तोंड आतून सोलून निघे, पोट सुटे, आणि बघता बघता अख्खा गोठा ओस पडे. म्हणून हद्दीवर चौकी होती. पलीकडे न्यायचा बैल आधी सलोत्र्यानं टोचायचा, पंधरवडाभर वेगळा बांधून रोज बघायचा आणि मगच उजव्या शिंगाच्या बुडाशी लाल तापवलेल्या डागणीचा डाग मारायचा. शिंग नखासारखं, त्याला दुखत नाही. नुसता जळका वास सुटतो. नुसत्या कागदी दाखल्यावर चौकीवाले भागवत नसत. कारण दाखला एका बैलाचा दाखवून दुसराच बैल पलीकडे घालणारे बहाद्दर कमी नव्हते. डाग मात्र ज्याच्या शिंगावर, त्याचाच.

माझी धाकटी नणंद गोदा हिचं लग्न जामखेडच्या बाजूला ठरलं. सुपारी फुटली तेव्हा मामांनी भर बैठकीत शब्द दिला की लेकीबरोबर पवळ्या-हरण्याची जोडी आंदण देईन. ही जोडी आमच्याच गाईंची. मी या घरात आले त्या वर्षीची ती वासरं, गोदानं आणि मी हातानं चारून मोठी केलेली. पवळ्या तर गोदाच्या पदराला इतका चिकटून असे की ती दुसऱ्या जनावराला कुरवाळू लागली तर मान मध्ये घाली. लग्न मार्गशीर्षातलं. दादानं आषाढातच जोडी टोचली, वेगळी बांधायला लावली आणि डाग मारून ठेवला. म्हणाला, "पावसाळ्यात रोग कुटून येईल सांगता येत न्हाई मामा. एकदा डाग पडला की मंग आसपास साथ आली तरी तुमची जोडी अडत न्हाई."

आणि मग पोळा आला.

पोळ्याला बैलाची शिंगं साळतात हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी खांदे मळायचे, मग काचेच्या तुकड्यानं शिंगं खरवडून अशी तुळतुळीत करायची की त्यात तोंड दिसावं. त्यावर हिंगूळ, त्यावर बेगड. घरातून जाणाऱ्या जोडीचा हा शेवटचा पोळा, म्हणून मामांनी त्या वर्षी गड्यालाही हात लावू दिला नाही. सकाळपासून स्वतः मांडी घालून बसले आणि दोन्ही बैलांची शिंगं त्यांनी अशी साळली की गावभर नाव झालं. गोदा बेगड चिकटवत होती, मी हिंगूळ कालवत होते. डाग कधी गेला ते आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोळ्याच्या दिवशी शिंगावर काळा डाग ठेवावा हे कुणाच्या मनातच कसं येईल?

गौरीच्या जेवणाला दादा आला, नेहमीप्रमाणे आधी गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी बघायला गेले तर पवळ्याच्या शिंगावरून अंगठा फिरवत उभा. "गये," तो म्हणाला, "डाग कुटंय?"

डाग नाही म्हणजे बैल टोचलेलाच नाही, असा नियम. पुन्हा टोचायचं, पुन्हा पंधरवडा धरायचा. तेवढंच असतं तर काही बिघडलं नसतं, दिवस होते. पण दादा लस घेऊन परत यायच्या आत आमच्या शेजारच्या गावात बुळकांडी लागली. आणि साथीच्या वेढ्यातल्या गावात, साथ संपेपर्यंत, कुठल्याच बैलाला डाग द्यायचा नाही, हाही नियमच होता.

दसऱ्याच्या सुमाराला मामांनी दादाला बोलावून घेतलं. दादा आला, पण ओट्यावर चढला नाही, फाटकाबाहेरच उभा राहिला. मामा आतून म्हणाले, "सलोत्री, डागणी आनली का?"

"न्हाई मामा."

"कावून? आषाढात तूच टोचलेत. तूच डाग मारलास. हे त्येच बैल हायेत हे तुला ठावं न्हाई का?"

"मला लई चांगलं ठावं हाय. मी त्यांना डोळं झाकून वळखीन." दादाचा आवाज नेहमीचाच होता, ना वर ना खाली. "पण डाग माज्या वळखीचा नसतो मामा. आज भैनीच्या बैलाला वळखीवर डाग मारला, तर उद्या गावोगाव माजी एकेक भैन निघंल. मंग पलीकडल्या गोठ्यात काय जाईल ते कुनी सांगावं?"

मामा उठून उभे राहिले. मांडवात व्याह्यापुढे शब्द खाली पडणार, हे त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. आणि शिंगं आपणच साळली, हे त्याहून जास्त सलत असणार. अशा वेळी माणूस दुसऱ्यावरच ओरडतो. "मंग आजपास्नं," ते म्हणाले, "या उंबऱ्याला तुजे पाय लागायचं काम न्हाई."

दादानं मान हलवली, घोडीवर बसला आणि गेला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. आई जाऊन वर्ष झालं होतं. चुलत्याच्या घरात मला ओढ नव्हती. दादा होता म्हणून माझं माहेर होतं, आणि ते माझ्यादेखत फाटकाबाहेरून परत गेलं. मी चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबून रडले. गोदाही रडली. तिला लग्नाची हौस उरली नव्हती, आणि जोडी मागे राहिली तर सासरी काय ऐकावं लागेल याची भीती वेगळीच. घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी सकाळीच पुरण घातलं, ताट सजवून झाकून ठेवलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मामा ओट्यावर कासरा वळत बसले होते. दुपार कलली तेव्हा ओढ्याच्या पलीकडे पांढरी घोडी दिसली. दादा उतरला, घोडी बाभळीला बांधली आणि तिथंच उभा राहिला. पुढे येईना. मला वाटलं, मामांचा शब्द धरून बसला. मी ताट हातात घेऊन ओट्याजवळ गेले. "मामा, मी जाऊ का?"

त्यांनी वर बघितलं नाही. कासऱ्याला आणखी दोन पीळ घातले आणि म्हणाले, "सण हाय. जा."

मी पळतच निघाले. ओढ्यात उतरणार तोच दादा ओरडला, "थांब तितंच! वलांडू नको!"

"आरं पण..."

"बुळकांडीच्या गोठ्यातून आलोय गये. सकाळपास्नं मेलेली जनावरं पुरतोय. अंगावर त्येच कापडं हायेत. तुमच्या दारात बैल बांधल्यात."

तेव्हा मला कळलं की तो मामांच्या शब्दासाठी थांबला नव्हता. ज्यांच्या डागावरून त्याला उंबरा बंद झाला होता, त्याच बैलांसाठी तो ओढ्यापलीकडे उभा होता. आमच्यामध्ये गुडघाभर पाणी वाहत होतं. मी अलीकडून ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन सारखं विझू बघत होतं, ते मी पदराच्या आडोशाला धरलं. टिळा कसा लावू? मी अंगठा कुंकवात बुडवून हवेतच ओढला, आणि पलीकडे दादानं रुमाल काढून कपाळ पुढे केलं, जसा काही अंगठा खरंच टेकणार होता. मी म्हटलं, "पान्यानं तोंड तरी धू, किती सुकलायस." तर म्हणाला, "या पान्याला हात लावत न्हाई. खाली तुमची गुरं पित्यात." मग त्यानं खिशात हात घातला. खण आणला होता, हिरवा, मला लांबूनही दिसला. त्यानं तो एकदा बघितला आणि परत आत ठेवला.

"टाक की इकडं," मी म्हटलं.

"न्हाई गये. माज्याजवळची चिंधी बी तुज्या अंगणात यायला नको. औंदाची ओवाळणी ऱ्हायली म्हण."

मला रडू आवरेना. आणि मागून मामांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. अर्धा वळलेला कासरा तसाच हातात होता. "सलोत्री," त्यांनी ओढ्यापलीकडे हाक दिली, "जेवलास का?"

"न्हाई मामा."

"गया, पोळ्या बांधून आन."

मी घरी जाऊन पुरणपोळ्या फडक्यात बांधून आणल्या. मामांनी गाठोडं हातात तोललं आणि ओढ्यापलीकडे नेमकं दादाच्या पायाशी टाकलं. "फडकं माघारी देऊ नको," ते म्हणाले. दादा हसला. त्या महिन्यांत मी त्याला तेवढंच एकदा हसताना बघितलं. तो बाभळीखाली बसून जेवला, आणि आम्ही दोघं अलीकडे उभे राहून, लहान लेकराला भरवताना बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिलो. परत येताना मामा एवढंच बोलले, "पाय धू, मंगच गोठ्यात जा."

गोदाचं लग्न जोडीशिवायच लागलं. मांडवात व्याह्यांनी विचारलंच, "बैल कुटं हायेत, पाव्हणं?" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बैल आमच्या सलोत्र्यानं अडवल्यात. तुमच्या गोठ्याचा माज्यापरीस त्येला घोर जास्त हाय. साथ गेली की तोच घिऊन येईल." व्याह्यांचीही गुरं होती. त्यांनी मान डोलावली आणि तो विषय तिथंच संपला. आम्ही मात्र महिनोन्महिने त्या एका प्रश्नाच्या भीतीनं झुरलो होतो.

आमच्या गोठ्यात बुळकांडी आली नाही. पवळ्या-हरण्याला तर शिंकही आली नाही. दादानं दसऱ्यालाच डाग मारून दिला असता तर काही बिघडलं नसतं, असं पुढे एकदा कुणीतरी ओट्यावर म्हणालं. मामांनी त्या माणसाला चहा पाजला नाही. पौषात साथ संपली. दादानं जोडी पुन्हा टोचली, पंधरवडाभर येऊन बघितली, आणि अंगणात शेगडी पेटवून डागणी तापवली. शिंगाचा जळका वास सुटला तसा माझ्याकडे वळून म्हणाला, "ही घे गये, दिवाळीची ओवाळणी." मग बैल त्यानं स्वतः चौकीपर्यंत नेले. उंबरा ओलांडून जेवून गेला, हे सांगायला नकोच.

पुढच्या पोळ्याला मामा नव्या जोडीची शिंगं साळायला बसले. ती जोडी कुठे जायची नव्हती, तिला डागही नव्हता. उजव्या शिंगाच्या बुडाशी आले, आडवं बोट धरलं आणि तेवढी जागा सोडून पुढे साळू लागले. गड्यानं विचारलं तर म्हणाले, "हितं हात लावायचा न्हाई. ही सलोत्र्याची जागा." मामांनी दादाची माफी कधी मागितली नाही, दादानं कधी तशी वाट बघितली नाही. पण मामांचं बघून गावानं तसंच धरलं आणि गावाचं बघून शेजारच्या गावांनी. मोगलाई गेली, हद्द गेली, चौकीच्या जागी आता नुसता चिंचेचा पार आहे. डागणी कुठे गेली तेही ठाऊक नाही. शिंगं मात्र अजून बोटभर सोडूनच साळतात.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीला दादा शेवटचा आमच्याकडे आला. डोळ्यांना फक्त उजेड कळत होता. माझा हात धरून आधी गोठ्यात गेला. बैलाचं तोंड चाचपलं, नाकाशी नाक नेऊन वास घेतला, मग अंगठा शिंगावरून खाली खाली नेत त्या खरबरीत जागेवर थांबला. मग हसून म्हणाला, "म्हातारा अजून जित्ता हाय म्हण की." मामांना जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती... त्या दिवशी मी त्याला जवळ बसवून पोटभर ओवाळलं.

गेल्या आठवड्यात पोळा झाला. दादाचं दुःख ताजं, म्हणून मी म्हटलं होतं की यंदा वाजंत्री नको. पण बैलाचा सण बैलापासून तोडता येत नाही. नातवानं या उन्हाळ्यात युसूफ वडगावच्या बाजारातून नवी जोडी आणली आहे. शिंगं साळायला तो बसला आणि थबकला. "आजी, हे बघ." उजव्या शिंगाच्या बुडाशी बोटभर जागा आधीच सोडलेली होती. जुन्या मालकानं सोडलेली, वर्षानुवर्षं. नातवाला आठवलं, सौदा करताना त्यानं त्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, "का ते ठावं न्हाई बाबा, आमच्याकडं रीतच हाय."

युसूफ वडगावला आमचं कुणी नाही. तिकडे मामांना कुणी ओळखत नव्हतं, आणि दादाचं नावही आता कुणाला आठवत नसेल. मी ताट घेऊन बैलांपुढे उभी राहिले. ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, पोळीचा घास दिला. मग अंगठा पुन्हा कुंकवात बुडवला आणि त्या शिंगावरच्या जागेवर टेकवला. साळलेल्या शिंगावर कुंकू धरत नाही, लगेच पुसलं जातं. तिथं ते धरलं.